रोगी गुरांची जुनी छायाचित्रे

इस्लापूरच्या मंडळींनी वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की आम्ही किमान वेतनावर किंवा ऊसतोड मजुरांच्या उचलीवर बोलावे. तीस वर्षे आम्ही तेच करीत आलो आहोत. आम्ही विषय कळवला 'रोगी गुरांची जुनी छायाचित्रे', तेव्हा चिटणिसांचा फोन आला, की चुकून दुसऱ्याच वक्त्याचा विषय तर आमच्या नावावर पडला नाही ना! विषय आमचाच आहे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीवर थांबले. आम्ही पशुवैद्य नव्हे, छायाचित्रकार तर मुळीच नव्हे. तथापि मजुरांच्या कामानेच आम्हांस या विषयाकडे ढकलले. ते कसे, हे आधी सांगतो.

२०२२ साली लम्पीची साथ आपल्याकडे आली, तिची आठवण येथे बसलेल्या प्रत्येकाला असेल. त्या साथीत दगावलेल्या जनावरांसाठी सरकारने मदत जाहीर केली: दुभत्या गाईला ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलाला २५,००० आणि वासराला १६,०००. आमच्या संघटनेतील एका ऊसतोड गाडीवानाचा बैल ऐन हंगामाच्या तोंडावर गेला. कारखान्यावर जायची उचल घेतलेली, गाडी दारात उभी आणि जोडीतला एकच बैल दावणीला. हा गृहस्थ अर्ज घेऊन गेला, तर समोरून विचारणा झाली, की मेलेल्या जनावराचा फोटो कोठे आहे? त्याने तर रात्रीच खड्डा खणून, मीठ टाकून बैलाला माती दिली होती. आम्ही जरा रागावूनच त्याला म्हणालो, "अरे, हातात मोबाइल असून एक फोटो काढता आला नाही?" तो खाली बघत म्हणाला, "दादा, पोटच्या पोरावानी व्हता. मेल्यावर त्याचा फोटू कोन काडतंय?"

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. कचेरीतला कारकूनही वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे नियम होता. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. रोगी जनावराचे चित्र हा पुरावा मानण्याची रीत आली कोठून? पहिल्याने कोणाच्या जनावराचे छायाचित्र निघाले, कशासाठी, आणि त्या चित्रात खरे किती?

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानच्या वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय अहवालांची हजारो पाने संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. इंग्रजी आम्ही कोश हाताशी घेऊन वाचतो, त्यामुळे वेळ लागतो. पण दोन उन्हाळे आम्ही या अहवालांत घालवले. इस्लापूरकरांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुमचे गाव या कागदांत मुंबई इलाख्यात शोधू नका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या कायद्यात इस्लापूर सर्कल हे नाव घालून आदिलाबाद जिल्ह्यातून काढले आणि नांदेड जिल्ह्याला जोडले. त्यापूर्वीचा तुमचा गुराढोरांचा इतिहास निजामाच्या राज्याच्या दप्तरात आहे. मोठ्या घडामोडी मात्र पुण्या-मुंबईकडे घडल्या, म्हणून प्रथम तिकडे वळू.

सरकारला जनावराच्या प्रकृतीची पहिली काळजी वाटली ती लष्कराच्या घोड्याची. पुण्यास १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, तीही घोडदळासाठीच. कुणब्याच्या बैलाकडे लक्ष गेले ते गुरांच्या साथींनी महसूल बुडू लागला तेव्हा. १८६९ मध्ये हॅलेन या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. पण घोड्याचे पारडे पुढेही बरीच वर्षे जडच राहिले.

याचे उदाहरण म्हणजे सर्रा. हा शब्द आपल्याच देशातल्या घोडेवाल्यांचा, आणि जगभरच्या पशुवैद्यकाने तो जसाच्या तसा उचलला. या रोगात घोडा खातो पण खंगत जातो, ताप येऊन-जाऊन राहतो, पायांना आणि पोटाखाली सूज उतरते. १८८० मध्ये वायव्य सरहद्दीवर डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने रोगी घोड्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो त्यात वळवळणारे बारीक जीव! हेच रोगाचे कारण असे त्याने सांगितले, तेव्हा वरिष्ठांनी ते मानले नाही. उंदरांच्या रक्तात तसलेच जीव सापडतात आणि उंदराला त्यांचा काही त्रास होत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे स्टील यांनी ब्रह्मदेशात खेचरांमध्ये तोच जीव पाहिला आणि त्याला इव्हान्सचे नाव दिले. हेच स्टील परळला १८८६ मध्ये निघालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य.

सर्ऱ्याने एक धडा दिला, आणि छायाचित्रांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. खंगलेल्या घोड्याचे कितीही स्वच्छ चित्र काढा, त्यावरून फक्त घोडा खंगला आहे इतकेच कळते. उपासमारीने खंगलेला घोडा तसाच दिसतो, जंतांनी पोखरलेलाही तसाच. दुसरे चित्र हवे ते रक्ताच्या थेंबाचे. बाहेरचे अंग आणि आतले रक्त अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, की मग कोठे रोगाचे नाव उच्चारता येते. आज मोबाइलवरचा फोटो बघून रोगाचे नाव ठोकून देणारे पुष्कळ आहेत. त्यांना इव्हान्सची गोष्ट सांगावी.

रोगजंतूंच्या अभ्यासासाठी सरकारची मध्यवर्ती प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात, १८८९ च्या डिसेंबरात. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्ऱ्यावर मोठे अहवाल लिहिले. पण भर वस्तीत जिवंत साथीचे जंतू बाळगणे धोक्याचे, शिवाय उष्णताही अडचणीची. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा हिमालयात, कुमाऊँतल्या मुक्तेश्वरास हलवली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख दक्षिण आफ्रिकेतील गुरांच्या साथीचे काम आटोपून प्लेगसाठी मुंबईस आले, त्या खेपेस ते मुक्तेश्वरालाही जाऊन आले. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था याच झाडाची आहे.

आता ही चित्रे वाचायची कशी ते पाहू. आम्ही पाहिली त्यांतली बहुतेक एकाच घडणीची आहेत. जनावर आडवे उभे, चारी पाय दिसतील असे. मागे भिंत किंवा ताणलेले कापड. आणि कासरा धरलेला एक माणूस, बहुधा कडेला अर्धा कापलेला. खाली जनावराची जात, आजाराचा दिवस आणि ताप लिहिलेला. माणसाचे नाव नाही. आम्हांस मजुरांच्या हजेरीपटाची सवय असल्याने नजर आधी तिकडेच जाते. तो गोठ्यातला नोकर असेल किंवा जनावराचा मालकही असेल. चित्रावरून कळायला मार्ग नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. त्या काळच्या साध्या काचपट्ट्यांवर निळा प्रकाश चटकन उमटे, तांबडा जवळजवळ उमटतच नसे. परिणामी आकाश पांढरे फटफटीत आणि तांबडे ते काळे. आपला लाल कंधारी वळू अशा पट्टीवर काळाकुळकुळीत दिसेल. हिरडीवरची लाली काळा डाग होऊन बसते आणि रक्त शाईसारखे दिसते. हे ध्यानात न घेता चित्र पाहिले, तर लाल झालेले कातडे कुजलेले वाटेल. तिसरी गोष्ट हालचालीची. पट्टीला उजेड पोचायला जितका अधिक वेळ लागे, तितके चित्रात शेपूट आणि कान पुसट होत. धडधाकट जनावर माशा हाकलते, कान हलवते, म्हणून ते चित्रात धूसर. आणि तापाने जडावलेले जनावर खांबासारखे उभे राहते, म्हणून ते रेखीव. चांगले चित्र आजाऱ्याचेच निघायचे!

या सगळ्या चित्रांत आम्ही सर्वांत अधिक वेळ बुळकांडीपाशी थांबलो. येथील वडीलधाऱ्यांनी हा शब्द ऐकला असेल. तरुणांना तो शिवीसारखा वाटेल. आमच्या लहानपणी आजी कोणावर फारच संतापली, तर हा शब्द वापरी. बुळकांडी गावात शिरली म्हणजे पंधरवड्यात गोठेच्या गोठे रिकामे होत. आधी जोराचा ताप. मग डोळ्यांतून-नाकातून पाणी, पुढे त्याचा पू. तोंडात हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा भुरभुरावा तसे पांढरट ठिपके, ते गळून खाली उघडे मांस. आणि त्यानंतर दुर्गंधीची ढाळ, जिने जनावर आठ-दहा दिवसांत जमिनीला टेकत असे. लोक मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेत. त्यांना हसण्याचे कारण नाही. त्या काळी दवाखान्याकडेही दुसरा खात्रीचा इलाज नव्हता.

तोंडात फोड लाळ्या-खुरकूतमध्येही येतात. मग फरक कसा करायचा? लाळ्या-खुरकूतचे जनावर लंगडते, त्याच्या खुरांच्या बेचक्यात जखमा असतात. बुळकांडीत पाय शाबूत राहतात. म्हणून जाणत्याने काढलेल्या चित्रात तोंड उघडून दाखवलेले असते आणि खूरही दाखवलेले असतात. एकट्या तोंडाच्या चित्रावर विसंबू नये.

आणखी एक गफलत होऊ शकते. मुक्तेश्वरी प्रयोगांसाठी कुमाऊँच्या डोंगरी जातीचे बैल वापरीत, कारण त्यांना बुळकांडी अतिशय लवकर आणि अतिशय कडक लागे. सपाटीवरची आपली गुरे मानाने काटक. त्यांच्यात तीच साथ पुष्कळदा सौम्य रूपात येई. तेव्हा डोंगरी बैलाचे भयंकर चित्र डोळ्यांपुढे ठेवून कोणी मराठवाड्यात रोगी शोधू लागला असता, तर सौम्य आजारी जनावर त्याच्या नजरेतून सुटले असते, आणि तेच दहा गावांना साथ देत फिरले असते. चित्र खोटे नव्हते, पण ते आपल्या बैलाचे नव्हते.

बुळकांडीचा शेवट कसा झाला, हे थोडक्यात सांगतो. मुक्तेश्वर येथेच एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांच्या अंगातून पुनःपुन्हा नेऊन निवळवला आणि १९२७ च्या सुमारास त्यापासून लस सिद्ध झाली. १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि टोचणी करणारे गावोगाव हिंडले. केनियात प्लाउराइट यांनी तयार केलेली अधिक सुरक्षित लस पुढे मदतीला आली. भारतातला शेवटचा प्रादुर्भाव १९९५ चा. २००६ मध्ये देश मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच रोग. मिरवणूक कोठे निघाली नाही. उन्हातान्हात गोठ्यागोठ्यांतून सुया टोचत हिंडलेल्या त्या कर्मचाऱ्यांचा सत्कार झाल्याचेही आमच्या पाहण्यात नाही, पण तो विषय वेगळा.

गंमत अशी, की रोग गेल्याने चित्रांचे मोल वाढले. परभणीच्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून आज बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी बुळकांडीचे जनावर पाहिलेले नाही आणि देवकृपेने पाहणारही नाहीत. इंग्लंडातील पिरब्राइट संस्थेने तर आपल्याजवळचा विषाणूंचा साठा २०१९ मध्ये नष्ट केला. उद्या कोठून तरी हा रोग पुन्हा उद्भवला, तर त्याला ओळखायचे कशावरून? पुस्तकातल्या वर्णनावरून आणि या जुन्या पिवळ्या पडलेल्या चित्रांवरून.

रोगांच्या बरोबरीने जुन्या संग्रहांत विकृतींची चित्रे पुष्कळ आढळतात: दोन तोंडांचे वासरू, पाठीवर पाय फुटलेला खोंड. आपल्या लोहा तालुक्यातील माळेगावसारख्या यात्रांतून पाच पायांचा नंदी झूल घालून फिरवलेला आपण पाहतो आणि हात जोडतो. तो दैवी नाही आणि अपशकुनीही नाही. गर्भाच्या अगदी आरंभी एकाच बीजाची जुळी पुरती वेगळी न झाली, तर दोन तोंडांचे वासरू होते. वशिंडाजवळ लोंबणारा जास्तीचा पाय हा कधी न वाढलेल्या जुळ्या भावंडाचा अवशेष असतो, तर कधी पायाचा अंकुरच दुभंगलेला असतो. शिवून लावलेल्या पायाची लबाडीही होते, तेवढे पाहून पैसा टाकावा.

पण या चित्रांविषयी आमची तक्रार आहे. नवलाचे होते ते टिपले गेले. नुकसानीचे होते ते मागे राहिले. जुळ्यांतल्या कालवडीचे घ्या. गाईला एक गोऱ्हा आणि एक कालवड अशी जुळी झाली, तर त्या कालवडींपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक जन्माच्या वांझ निघतात. गर्भाशयात दोघांच्या रक्तवाहिन्या जुळतात, नराची द्रव्ये मादीकडे जातात आणि तिचे गर्भाशय नीट घडतच नाही. इंग्लंडात जॉन हंटर यांनी १७७९ मध्ये अशा जनावरांचे वर्णन केले आणि अमेरिकेत लिली यांनी १९१६ च्या सुमारास कारण उलगडले. वरून पाहाल तर गोजिरवाणी कालवड. छायाचित्रात काहीच दिसायचे नाही. शेतकरी मात्र तिला तीन वर्षे चारतो, आणि मग बायकोच्या नाही तर शेजाऱ्याच्या नजरेला दोष देतो. जुळ्यांतली कालवड असेल तर ती लहान असतानाच डॉक्टरकडून तपासून घ्यावी, इतके ध्यानात ठेवले तरी आमचे व्याख्यान फुकट गेले नाही.

याउलट शिंगाचा कर्करोग छायाचित्रात चांगला उतरतो. हा आपल्या देशी बैलांचा खास शत्रू. गाईंपेक्षा बैलांत अधिक, आणि तोही भर उमेदीच्या वयात. बैल डोके झटकतो, शिंग खांबाला घासतो. पुढे शिंग मुळाशी मऊ होऊन एका अंगाला कलते, आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा पू येतो. शिंगाचे रक्त नाकात कसे, असे कोणीही विचारील. शिंगाच्या आतले हाड पोकळ असते आणि ती पोकळी कपाळातल्या पोकळीला व तेथून नाकाला मिळालेली असते. कासऱ्याची आणि जुवाची घासणी, शिंगे तासणे, रंगवणे यांवर जाणकारांचा संशय आहे. वेळीच शिंग मुळापासून कापले, तर बैल वाचू शकतो आणि कामालाही लागतो. अडचण अशी, की एकशिंगी बैलाची किंमत पडते. म्हणून मालक बाजारापर्यंत दुखणे झाकतो, कललेले शिंग दोरीने आवळून सरळ दिसेल असे करतो. असा बैल फोटोत उत्तम दिसतो.

येथवर आल्यावर लम्पीकडे परत येतो. हा रोग पहिल्याने १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, नोंदला गेला आणि भारतात २०१९ मध्ये ओडिशात दिसला. डास, माशा आणि गोचिडे तो पसरवतात. माणसाला तो होत नाही. अंगभर सुपारीएवढ्या गाठी येतात, त्यामुळे चित्र काढायला याहून सोपा रोग नाही. त्याचाच घोटाळा झाला. गाठींनी भरलेल्या गाईंचे फोटो घरोघरी मोबाइलवर पोचले, त्यांखाली वाटेल ते लिहिलेले, आणि काही दिवस लोकांनी दूध घेणेही सोडले. शिवाय अंगावर गाठ आली म्हणजे लम्पीच असे नाही. कीटकाच्या चाव्याने, पित्ताने किंवा दुसऱ्या विषाणूनेही गाठी येतात. खात्री प्रयोगशाळेतच होते. इव्हान्सचा रक्ताचा थेंब येथेही चुकत नाही.

आमच्या गाडीवानाच्या अर्जाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. मेलेल्या बैलाचा फोटो नव्हताच. शोधता शोधता त्याच्या मुलीच्या मोबाइलात पोळ्याच्या दिवशीचा एक फोटो निघाला: शिंगांना बेगड, अंगावर झूल, शेजारी नवे धोतर नेसलेला हा स्वतः, आणि बैलाच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला स्पष्ट. या फोटोत रोग नाही. पण बैल होता आणि तो याचाच होता, हे त्यातून दिसते. आजाराची बाजू भरून काढायला डॉक्टरांनी साथीत त्या दावणीवर औषध दिल्याची नोंद मिळाली आणि खड्डा खणणाऱ्या दोघा शेजाऱ्यांनी जबाब दिले. पाच खेपा घालाव्या लागल्या. पैसे आले तेरा महिन्यांनी. तोवर तो हंगाम हातचा गेला होता आणि उचल व्याजासह डोक्यावर राहिली होती. २५,००० त बैल येत नाही, हे बाजारात जाणाऱ्यांना सांगायला नको.

तेव्हापासून संघटनेच्या बैठकीत आम्ही सभासदांना बैलाचे फोटो काढायला सांगतो. जनावर धड असताना दोन्ही बाजूंनी, आडवे उभे करून; कानातला बिल्ला जवळून; आजारी पडले तर गाठीशेजारी आगपेटी धरून, म्हणजे मोठेपणा कळतो; तोंड आणि खूर दोन्ही. आणि कासरा धरणारा माणूस चौकटीत पुरता यावा, अर्धा नव्हे. गेल्या पोळ्याला आमच्याकडे असे चाळीसेक फोटो जमले. त्यांपैकी निम्म्यांत बैलाचे कान हललेले आहेत.